कोठी आणि कोशिका : पन्हाळगडाच्या अंबरखान्यावरून कोशिकांतर्गत वाहतुकीच्या कल्पनेचा इतिहास

पन्हाळगडावर, जुन्या बालेकिल्ल्याच्या आवारात, धान्याच्या तीन कोठ्या उभ्या आहेत. गंगा, यमुना व सरस्वती ही त्यांची नावे असून तिहींना मिळून अंबरखाना असे म्हणतात. गंगा कोठी त्यांत सर्वांत मोठी. तिची उंची सुमारे ३५ फूट. आतला भाग सोळा खणांत विभागलेला. प्रत्येक खणावर चपट्या घुमटाचे छत आणि त्या छतात धान्य ओतण्यासाठी ठेवलेले एक भोक. बाहेरच्या जिन्याने माथ्यावर चढावयाचे, पोती वरून रिकामी करावयाची आणि गरज पडेल तसे धान्य खालून काढावयाचे, असा तिचा व्यवहार. भात, नाचणी व वरी ही येथील साठ्याची मुख्य धान्ये, आणि साठवणीची क्षमता २५,००० खंडी, असे परंपरेने सांगण्यात येते.

शिवाजीमहाराजांनी हा गड २८ नोव्हेंबर १६५९ रोजी प्रथम घेतला. पुढच्या वर्षी त्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये रॉयल सोसायटीची स्थापना झाली, आणि १६६५ मध्ये, म्हणजे पुरंदरचा तह झाला त्या वर्षी, तिचा प्रयोगाधिकारी रॉबर्ट हूक ह्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथात हूकने बुचाच्या पातळ कापाचे वर्णन केले असून त्यात दिसलेल्या बारीक पोकळ्यांस त्याने ‘सेल’ हे नाव दिले. ह्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सेला’. त्याचा अर्थ लहान खोली असा होतो, तसाच साठवणीची खोली, म्हणजे कोठी, असाही होतो. सालांच्या जुळणीला कसलाही अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. शब्दाच्या अर्थाकडे मात्र लक्ष द्यावयास पाहिजे. कारण पुढील जवळजवळ दोन शतके जीवशास्त्राने ह्या कोठीच्या भिंती पाहिल्या, आणि कोठीतून होणारा व्यवहार पाहण्यास त्याला फार उशीर लागला.

कोठी म्हणजे भिंती नव्हेत, ही गोष्ट गडाच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. पन्हाळ्याचे स्थान कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा आणि वरचा मुलूख ह्यांच्या सांध्यावर आहे. शिलाहार राजा दुसरा भोज ह्याच्या काळापासून येथे सत्ताकेंद्र होते. पुढे बहमनी आणि आदिलशाही राजवटींत त्याची तटबंदी वाढत गेली. तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे. एवढा मोठा विस्तार आतून चालवावयाचा म्हणजे पाणी, धान्य, दारूगोळा, माणसे आणि केरकचरा ह्या प्रत्येकाची जागा ठरलेली पाहिजे आणि एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याची वाटही ठरलेली पाहिजे. पाण्यासाठी सोमाळे व सादोबा हे तलाव. अंधारबाव ही तीन मजली विहीर तर पाण्यावर पहारा कसा ठेवावा ह्याचा उत्तम नमुना होय : तळाशी पाणी, वर राहण्याची सोय, आणि मधल्या मजल्यातून तटाबाहेर निसटण्याची चोरवाट. तीन दरवाजा व वाघ दरवाजा ह्यांची बांधणी अशी की, आत येणारा सरळ आत येऊच शकत नाही. त्याला वळणे घ्यावी लागतात आणि प्रत्येक वळणावर त्याची पारख होते. तट अडवितो, पण दरवाजा निवडतो. ह्या दोन क्रियांतील भेद पुढे कोशिकेच्या पटलासंबंधी विचार करताना उपयोगी पडेल.

शिवकालीन गडांचा कारभार हवालदार, सबनीस व सरनोबत ह्यांच्या हाती असे आणि धान्यसामग्रीची व्यवस्था कारखानीसाकडे असे. किल्ल्यांच्या बंदोबस्ताविषयीचे विस्तृत विवेचन ‘आज्ञापत्र’ ह्या ग्रंथात आले आहे. १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्य ह्यांचा मानला जातो, आणि त्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करून घ्यावी, एकाच दरवाजावर विसंबू नये, दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे, साठविलेल्या जिनसांना उंदीर, मुंगी व वाळवी ह्यांचा उपद्रव होऊ देऊ नये, हे त्यांतील काही नियम. ह्या सर्वांत विशेष लक्षणीय नियम केराविषयीचा आहे. गडावरचा केर खाली लोटून द्यावयाचा नाही. तो जागच्या जागी जाळावयाचा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावयाचा. राज्यनीतीवरील ग्रंथाने केराचा एवढा विचार करावा ह्याचे काही वाचकांस नवल वाटते. वस्तुतः बंदिस्त जागेत राहणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेपुढे हाच प्रश्न उभा राहतो, आणि तो सोडविल्यावाचून ती फार दिवस टिकत नाही.

२ मार्च १६६० पासून चार महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या वेढ्याने ह्या व्यवस्थेची कसोटी घेतली. पावसाळा आला की वेढा सैल पडेल ही अपेक्षा होती. ती फोल ठरली. राजापूरच्या इंग्रज वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी तोफा घेऊन सिद्दीच्या साहाय्यास आले. बाहेरून वेढा फोडण्याचा नेतोजी पालकरांचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. गडावर दाणागोटा असला तरी येण्याजाण्याच्या वाटा बंद होत्या, आणि राज्याचा धनी त्या बंद वाटांच्या आत अडकला होता. १२ जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद व बाजीप्रभू देशपांडे ह्यांचे बलिदान सर्वश्रुत आहे. सप्टेंबरात गड आदिलशाहीकडे गेला. तो परत मिळण्यास ६ मार्च १६७३ हा दिवस उजाडावा लागला. त्या वेळी कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी तो घेतला. शांततेच्या काळी गडाचे दळणवळण इतके सवयीचे असते की, त्याची नोंद करावी असे कोणास वाटत नाही. ते तुटले म्हणजे ते होते हे कळते. कोशिकेच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसेल.

हूकने पाहिलेले बूच मृत होते. त्याच्या कोठ्या रिकाम्या होत्या आणि म्हणूनच त्या इतक्या स्वच्छ दिसल्या. एका घनइंचात अशा पोकळ्या १२० कोटींहून अधिक असाव्यात असा हिशेबही त्याने मांडला. जिवंत वनस्पतींच्या कोशिकांत रस भरलेला असतो हे त्याने नमूद केले आहे. परंतु नाव पडले ते रिकाम्या कोठीवरून, आणि नावाने विचाराला दिशा दिली.

आतील हालचाल प्रथम पाहिली ती इटलीतील बोनाव्हेंतुरा कोर्ती ह्या धर्मोपदेशकाने. कारा ही गोड्या पाण्यात वाढणारी वनस्पती. तिच्या कांड्यातील एकेक कोशिका काही सेंटिमीटर लांब असते. ह्या कोशिकेतील द्रव एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली असा अखंड फिरत असतो, हे कोर्तीने १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. हा शोध जवळजवळ विसरला गेला. १८०७ मध्ये ट्रेव्हिरानुसला तो नव्याने लावावा लागला. विस्मरणाचे कारण उघड आहे. कोशिका ही भिंतींची रचना असे एकदा ठरल्यावर आतला वाहता रस हा केवळ रस ठरतो. विहिरीत पाणी हलते म्हणून विहिरीची व्याख्या कोणी बदलीत नाही.

१८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने आमरांच्या कोशिकांत केंद्रक दाखविले. १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान ह्यांनी सर्व वनस्पती व प्राणी कोशिकांचे बनलेले आहेत हा सिद्धांत मांडला. परंतु कोठीच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो माक्स शुल्ट्से ह्याने. प्राण्यांच्या पुष्कळ कोशिकांना भिंत नसतेच, हे पाहून १८६१ मध्ये त्याने कोशिकेची व्याख्या केंद्रक असलेला जीवद्रव्याचा पिंड अशी केली. भिंत गौण झाली आणि आतले द्रव्य प्रधान झाले. हूकपासून येथवर यावयास १९६ वर्षे लागली.

येथे मराठी परिभाषेविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे. मराठी शालेय पुस्तकांत ‘पेशी’ हा शब्द रूढ आहे. आयुर्वेदात मात्र पेशी म्हणजे मांसपेशी. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशींची संख्या ५०० सांगितली आहे ती स्नायूंची, सेलची नव्हे. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ हा शब्द स्वीकारला. त्याचे मूळ ‘कोश’, म्हणजे आवरण आणि भांडार. अर्थदृष्ट्या हा शब्द लॅटिन ‘सेला’च्या इतका जवळ आहे की, त्या शब्दाचा गुण आणि दोष दोन्ही त्यात उतरले आहेत. ‘पेशी’ शब्दात भिंतीची छाया नाही, पण संदिग्धता आहे. ‘कोशिका’ शब्दात संदिग्धता नाही, पण भांडाराची स्थिरता आहे. प्रस्तुत विवेचनात दुसरा शब्द वापरला आहे. वाचकाने त्यातील भांडार चालते आहे असे समजावे.

जीवद्रव्य प्रधान ठरल्यानंतर ते एकजिनसी आहे की त्याला आतून रचना आहे, हा वाद सुरू झाला. ह्या वादाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण गॉल्जी संकुलाचे आहे. पाव्हिया येथील कामिल्लो गॉल्जी ह्याने चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी काळ्या रंगविण्याची पद्धत १८७३ मध्ये शोधली होती. १८९८ मध्ये गव्हाणी घुबडाच्या अनुमस्तिष्कातील कोशिकांवर ही पद्धत वापरीत असता त्याला केंद्रकाच्या भोवती एक जाळीदार रचना दिसली. त्याच वर्षी बेंडाने तंतुकणिकांना ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले. तंतुकणिकांवर फारशी शंका घेतली गेली नाही, कारण त्या जिवंत कोशिकेतही दिसू शकत. गॉल्जीचे जाळे मात्र चांदी अगर ऑस्मियम वापरल्याविना दिसत नसे. एका तंत्राने दिसे, दुसऱ्याने दिसत नसे. एका प्राण्यात जाळे, दुसऱ्यात तुकडे. हे जाळे कोशिकेत खरोखर आहे, की रसायनांनी मृत द्रव्यात उत्पन्न केलेला तो एक विकार आहे? ह्या प्रश्नाने अर्धशतक खाल्ले. लाहोर येथे विश्वनाथ ह्यांच्यासारखे भारतीय प्राणिशास्त्रज्ञही ह्या वादात उतरले होते. १९०६ मध्ये गॉल्जीला नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते मज्जासंस्थेवरील कार्याबद्दल. जाळ्याचे भवितव्य तेव्हा अनिश्चितच होते.

१९४९ मध्ये जॉर्ज पालादे व आल्बेर क्लोद ह्यांनी गॉल्जीचे जाळे हा कृत्रिम विकारच होय, असे प्रतिपादन करणारे दोन लेख प्रसिद्ध केले. पाचच वर्षांनी, १९५४ मध्ये, डाल्टन व फेलिक्स ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची चळत दाखविली आणि वाद मिटला. ह्या पिशव्या कशासाठी आहेत हे पुढे ज्याने सिद्ध केले तो पालादेच होय. शास्त्राच्या इतिहासात अशा उलथापालथी कमी नाहीत, तथापि इतक्या थोड्या वर्षांत आणि एकाच हाताने झालेल्या फार थोड्या असतील.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत क्लोद, कीथ पोर्टर आणि फुलम ह्यांनी १९४५ मध्ये संपूर्ण कोशिकेचे पहिले इलेक्ट्रॉन छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात कोशिकेच्या आतील भागात लेसच्या विणीसारखी रचना दिसली. पुढे पोर्टरने तिला अंतर्द्रव्य जालिका असे नाव दिले. १९५५ मध्ये पालादेने ह्या जालिकेला चिकटलेल्या बारीक कणांचे वर्णन केले; हेच आजचे रायबोसोम. त्याच वर्षी बेल्जियममध्ये ख्रिस्तियान द द्यूव्ह ह्याने लयकारिकांचा शोध जाहीर केला. पचनाचे एंझाइम ह्या पुटिकांत कोंडलेले असतात. झिजलेले भाग तेथे विरघळवून त्यांतले उपयुक्त द्रव्य कोशिका पुन्हा वापरते. अमात्यांनी केराची राख परसात घालावयास सांगितली, त्यामागे आणि ह्यामागे गरज एकच आहे. दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याच्या नियमालाही येथे जोड सापडते. कारण हे एंझाइम मोकळे सुटले तर कोशिकेलाच खाऊन टाकतील.

अशा रीतीने १९५५ पर्यंत गडाचा नकाशा हाती आला. पण नकाशावर रहदारी दिसत नाही. छायाचित्रातील कोशिका मृत, स्थिर व कापलेली असते. जालिका, गॉल्जी संकुल आणि पुटिका ह्या शेजारी शेजारी आहेत एवढ्यावरून माल एकीकडून दुसरीकडे जातो हे सिद्ध होत नाही. कोणत्या पोत्यातले धान्य कोठे गेले हे कळावयास पोत्यावर खूण पाहिजे. पालादे व त्याचे सहकारी, विशेषतः जेम्स जेमिसन, ह्यांनी हीच खूण केली. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना त्यांनी किरणोत्सारी ल्यूसीन हे ॲमिनो अम्ल फक्त तीन मिनिटे दिले व लगेच त्याऐवजी साधे ल्यूसीन घातले. त्या तीन मिनिटांत बनलेली प्रथिने तेवढी खुणेची. मग ठरावीक अंतराने कापांची तपासणी केली. तीन मिनिटांनी खूण जालिकेवर होती. सुमारे वीस मिनिटांनी ती गॉल्जी संकुलाच्या परिसरात आली. दोन तासांच्या सुमारास ती पाचक एंझाइमांच्या साठवणकणांत आणि कोशिकेबाहेरच्या नलिकेत पोहोचली. १९६७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रथिन जेथे घडते तेथून ते थेट बाहेर पडत नाही; गडाच्या दरवाजांप्रमाणे त्याला ठरलेली वळणे घेत जावे लागते, आणि वाटेत त्यावर संस्कार होतात. १९७४ चे नोबेल पारितोषिक क्लोद, द द्यूव्ह व पालादे ह्यांना विभागून देण्यात आले.

वाटा कळल्या; वाहणारे कोण? कोशिका इतकी लहान असते की, द्रव्ये तीत आपोआप विसरण पावत असतील, वाहतुकीची वेगळी सोय कशाला, असा समज दीर्घकाळ होता. लहान अंतरासाठी तो खराही आहे. कोशिकेतील मध्यम आकाराच्या प्रथिनाचा विसरणांक सेकंदास १० वर्ग मायक्रोमीटर धरला तर १० मायक्रोमीटर अंतर ते पाच सेकंदांत ओलांडील. पण विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक मिलिमीटरला चौदा तास; आणि कंबरेपासून पावलापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या एक मीटर लांबीला सुमारे दीड हजार वर्षे. माणसाच्या पायाचा अंगठा हलतो, ह्याचाच अर्थ केवळ विसरणावर हे काम चालत नाही.

ह्याचा प्रत्यक्ष पुरावा वेढ्याच्या मार्गाने मिळाला. १९४८ मध्ये पॉल वाइस व हेलन हिस्को ह्यांनी प्राण्यांच्या मज्जातंतूंवर घट्ट कडी बसविली. काही काळाने असे दिसले की, कड्याच्या अलीकडे, कोशिकाकायेच्या बाजूस, तंतू फुगला आहे आणि पलीकडे तो बारीक राहिला आहे. कडे काढताच साचलेला माल पुढे सरकू लागला. वाट अडविल्यामुळे वाट असल्याचे सिद्ध झाले. पुढील संशोधनात मंद वाहतुकीबरोबरच दिवसास सुमारे ४०० मिलिमीटर वेगाची जलद वाहतूकही आढळली. ह्या वेगाने एक मीटर अंतर अडीच दिवसांत संपते. दीड हजार वर्षे आणि अडीच दिवस, एवढे अंतर साठा आणि दळणवळण ह्यांत आहे.

हीच युक्ती रँडी शेकमन व पीटर नोव्हिक ह्यांनी १९७९ मध्ये यीस्टवर वापरली. तापमान वाढविले की ज्यांची बाहेर पाठवण्याची क्रिया बंद पडते असे उत्परिवर्ती प्रकार त्यांनी वेगळे काढले. अशा कोशिकांत पुटिकांचा खच पडलेला दिसला. वर्षभरात त्यांनी ह्या वाहतुकीस आवश्यक अशी २३ जनुके ओळखली. कोणते जनुक बिघडले असता माल कोणत्या नाक्यावर तुंबतो हे पाहून नाक्यांचा क्रम लावता आला. जेम्स रॉथमनने हीच क्रिया कोशिकेबाहेर, परीक्षानळीत घडवून दाखविली, आणि टोमास स्यूटहोफने मज्जाकोशिकांतील पुटिका नेमक्या क्षणी कशा रित्या होतात ह्याचा उलगडा केला. २०१३ चे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना मिळाले.

हमालांचा शोध १९८५ चा. माकूल ह्या सागरी प्राण्याचा मज्जातंतू असामान्य जाड असतो. त्याच्या अंतर्द्रव्यातून रोनाल्ड वेल, टॉमस रीझ व मायकेल शीट्झ ह्यांनी कायनेसिन हे प्रथिन वेगळे केले. सूक्ष्मनलिका नावाच्या पोकळ दांड्यांवरून ते माल घेऊन एका दिशेने चालत जाते. त्याचे पाऊल ८ नॅनोमीटरांचे, आणि दर पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. उलट दिशेचा हमाल डायनीन; तो पूर्वी पक्ष्माभिकांच्या हालचालीत आढळला होता, कोशिकेतील वाहतुकीतही तो आहे हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. कोर्तीने कारामध्ये पाहिलेला प्रवाह मात्र निराळ्या जातीच्या हमालांचा, म्हणजे ॲक्टिन तंतूंवर धावणाऱ्या मायोसिनचा. त्याचा वेग सेकंदास ५० ते १०० मायक्रोमीटर, आणि त्यामुळे तेथे सगळा द्रवच ओढला जातो. १७७४ मध्ये जे दिसले त्याचे कारण सापडण्यास दोन शतके जावी लागली.

महाराष्ट्रात ह्या शास्त्राची पायाभरणी मुंबईत झाली, आणि तीही कर्करोगाच्या निमित्ताने. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) ह्यांनी सीताफळाच्या कुलाच्या कोशिकाआनुवंशिकीवर १९४३ मध्ये पुण्यास एम.एस्सी. केले. पुढे त्या वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोग संशोधनाकडे वळल्या आणि त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच परंपरेत सत्यवती सिरसाट ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कोशिकेच्या सूक्ष्मरचनेचा अभ्यास रुजविला. हे कार्य मुख्यतः नकाशाचे होते. रहदारीचे कार्य त्याच शहरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. तेथे रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, डिक्टिओस्टेलियम ह्या सूक्ष्मजीवाच्या कोशिकेत एकाच पुटिकेला दोन्ही दिशांचे हमाल एकाच वेळी ओढीत असतात. एका बाजूस एकटा बळकट कायनेसिन, दुसऱ्या बाजूस चार ते आठ दुबळे डायनीन, आणि मध्ये पुटिका. ह्या रस्सीखेचीत ती ताणली जाते आणि कधी दुभंगतेही. एकेकटा डायनीन अशक्त असला तरी समूहाने ओझे वाहण्यात तो कायनेसिनपेक्षा सरस ठरतो, हे त्यांच्या २०१३ मधील कार्यातून दिसून आले. २०१४ मध्ये मल्लिक ह्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. गडावर ओझे चढविणाऱ्यांना ह्या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटले नसते.

तथापि गडाचे रूपक येथे एका ठिकाणी निश्चितपणे तुटते, आणि ते कोठे तुटते हे सांगणे तुलनेइतकेच आवश्यक आहे. गडावर कारखानीस असतो. कोणते पोते कोणत्या कोठीत जावे हे तो ठरवितो. पोत्याला त्याची जाणीव नसते. कोशिकेत कारखानीस नाही. केंद्रकाला गडाचा हवालदार म्हणण्याची शालेय पुस्तकांतील प्रथा सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. केंद्रकात घडविण्याचे आराखडे असतात, पण पुटिकांच्या फेऱ्या तेथून ठरत नाहीत. मग माल योग्य जागी कसा जातो? गुंटर ब्लोबेल ह्याने १९७१ पासून मांडलेल्या व पुढील दशकात सिद्ध केलेल्या विचारानुसार प्रथिनाचा पत्ता प्रथिनाच्याच रचनेत लिहिलेला असतो. त्याच्या साखळीच्या आरंभीचा एक लहान भाग ‘जालिकेत जावे’ अशी खूण म्हणून वाचला जातो. ह्या कार्याबद्दल ब्लोबेलला १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पत्ता चुकला तर काय होते हे एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाने दाखविले. १९६७ मध्ये वर्णिलेल्या ह्या रोगात लयकारिकांचे एंझाइम कोशिकेत नीट बनतात, पण ते लयकारिकांत जाण्याऐवजी कोशिकेबाहेर, रक्तात जातात. लयकारिका केराने भरून फुगतात आणि बालकाची वाढ खुंटते. अशी बालके बहुधा लहानपणीच दगावतात. एलिझाबेथ न्यूफेल्ड ह्यांनी १९७२ मध्ये तर्क केला की, एंझाइमावरची ओळखीची खूणच गहाळ असावी. पाच वर्षांनी ती खूण सापडली : गॉल्जी संकुलात एंझाइमाला जोडला जाणारा मॅनोज-६-फॉस्फेट. ज्या रचनेच्या अस्तित्वाबद्दल १९४९ पर्यंत शंका होती, तेथे एक साखरेचा रेणू जोडला गेला नाही म्हणून मूल जगत नाही.

गॉल्जी संकुलातून माल पुढे कसा सरकतो, हा प्रश्न मात्र अद्याप पूर्णपणे निकाली लागलेला नाही. चपट्या पिशव्या जागच्या जागी राहतात आणि पुटिका माल एका पिशवीतून दुसरीत नेतात, असे एक मत. पिशवीच स्वतः मालासकट पुढे सरकते आणि वाटेत पक्व होत जाते, पुटिका मागच्या मागे एंझाइम परत आणतात, असे दुसरे. २००६ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकच पिशवी रंग बदलताना, म्हणजे पक्व होताना, प्रत्यक्ष पाहिली. त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड झाले. परंतु यीस्टच्या त्या जातीत पिशव्यांची चळत नसून त्या सुट्या विखुरलेल्या असतात. सस्तन प्राण्यांच्या घट्ट रचलेल्या चळतीस तोच न्याय तंतोतंत लागू पडतो का, ह्याविषयी मतभेद आहेत. पन्हाळ्याचा समावेश ज्या ‘मराठा लष्करी भूप्रदेशां’त आहे त्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. गंगा कोठीत आज धान्य नाही. ती रिकामी आहे, आणि हूकच्या बुचाप्रमाणेच तिच्या भिंती आता अगदी स्वच्छ दिसतात.